इवाकुनीचा किंताई पूल: खिळ्यांपेक्षा नदीच्या तळाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वास्तुकला शिकताय, मार्चअखेरीस हिरोशिमाला जाणं आहे, त्यातला एक दिवस इवाकुनीच्या किंताई पुलासाठी काढावा का? एकीकडे "1673 चा, एकही खिळा न वापरता बांधलेला" असं वाचलंत, दुसरीकडे तो 1950 मध्ये वाहून गेला आणि 2004 मध्ये पुन्हा नवा झाला असंही वाचलंत. मग तिथे खरी जुनी वास्तू बघायला मिळते की तिची नक्कल?

दिवस जरूर काढा. पण "खिळे आहेत की नाहीत" आणि "लाकूड कोणत्या सालचं आहे" हे दोन्ही प्रश्न मनात धरून गेलात तर पुलातली खरी करामत नजरेतून सुटेल. हा पूल म्हणजे दोन वेगळ्या आयुष्यांच्या गोष्टी एकत्र बसवल्या आहेत. दगडी खांब पुराला तोंड देतात आणि हलायचं नाही एवढंच त्यांचं काम. वरचं लाकूड ठरावीक वर्षांनी उतरवायचं आणि नवं चढवायचं, हे पहिल्यापासून गृहीत आहे. पूल पडला तो या दोन्हींच्या खाली, नदीच्या तळाशी. एवढं पक्कं धरलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आधी जागा समजून घ्या. यामागुची प्रांतातल्या इवाकुनीत निशिकी नदी डोंगराला वळसा घालून जाते. सेकिगाहाराच्या लढाईनंतर, 1600 सालानंतर, किक्कावा घराणं इथे आलं. त्यांनी योकोयामा बाजूच्या डोंगरावर किल्ला बांधला आणि नदीलाच खंदक मानलं. संस्थानाची कचेरी आणि वरच्या दर्जाचे सामुराई योकोयामा बाजूला, बाकीचे सामुराई आणि व्यापारी पेठा पलीकडे निशिमी बाजूला. थोडक्यात, कारभार एका काठावर आणि माणसं दुसऱ्या काठावर. 1615 मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, हुकमाने किल्ला पाडावा लागला, पण गावाची ही विभागणी राहिलीच. पूल नसेल तर रोजचं काम अडणार आणि पूल बांधला तर पुरात जाणार, असा पेच होता. आधीचे पूल गेलेही.

ते का गेले हे कळलं की आजचा आकार का आला ते कळतं. साध्या लाकडी पुलाला नदीत थोड्या थोड्या अंतरावर लाकडी पाय रोवावे लागतात. डोंगरी नदीच्या पुरात पाण्याबरोबर ओंडके, झाडं, फांद्या येतात. त्या दोन पायांमध्ये अडकतात, पाठीमागे कचऱ्याचा बांध तयार होतो आणि पाणी त्या बांधावर रेटा देतं. बारीक पायांचा पूल मग नुसत्या पाण्याने नाही, स्वतःच अडवलेल्या कचऱ्याने ढकलला जातो. उपाय उघड आहे: पात्रात पाय कमी करा, गाळे, म्हणजे दोन पायांमधली अंतरं, मोठे करा. अडचण अशी की गाळा 35 मीटरचा केला तर तेवढी लांब तुळई कुठल्याही झाडातून निघत नाही, आणि निघाली तरी ती स्वतःच्या वजनाने मध्ये झोळ खाईल.

तिसरे संस्थानिक किक्कावा हिरोयोशी यांच्या काळात याला वाट सापडली. चीनहून आलेले भिक्षू दोकुर्यू यांच्याकडच्या ग्रंथात हांगचौच्या पश्चिम सरोवराचं चित्र होतं, त्यात छोट्या बेटांवरून टप्प्याटप्प्याने गेलेले पूल दाखवले होते. नदीतच दगडी बेटं उभी करायची आणि एका बेटावरून दुसऱ्यावर कमानीने जायचं, ही कल्पना तिथून सुचली अशी परंपरागत हकीकत आहे. प्रत्यक्ष रचना बसवण्याचं श्रेय कोदामा कुरोउएमोन यांना दिलं जातं. 1673 मध्ये पूल उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी पुरात गेला. त्याच वर्षी तो परत बांधला, आणि त्यानंतर 276 वर्षं टिकला. या दोन बांधकामांमध्ये काय बदललं, हे तुमच्या अभ्यासासाठी सगळ्यात मोलाचं आहे. त्याकडे नंतर येतो.

आज दिसणारी मापं अशी. पाच गाळे, चार दगडी खांब. सरळ रेषेत लांबी 193.3 मीटर, पण चढउतार धरून फळ्यांवरून चाललात तर सुमारे 210 मीटर. रुंदी 5 मीटर, खांबांची उंची 6.64 मीटर. मधले तीन गाळे कमानीचे, प्रत्येकी 35 मीटरच्या आसपास. टोकाचे दोन गाळे मात्र कमानी नाहीत, ते लाकडी पायांवर उभे असलेले, किंचित बाक दिलेले तुळयांचे पूल आहेत. फोटोत पाचही एकाच माळेतले वाटतात, पण खालून पाहिलंत की फरक लगेच दिसतो.

आता कमान. एका गाळ्यात शेजारी शेजारी पाच रांगा आहेत आणि प्रत्येक रांग म्हणजे एकावर एक रचलेल्या तुळयांची चळत. दोन्ही खांबांवरून काम सुरू होतं. पहिली तुळई दगडातल्या बैठकीत तिरकी रोवतात. तिच्यावर दुसरी, पण टोक थोडं पुढे काढून. तिच्यावर तिसरी, आणखी पुढे. अशा अकरा तुळया एका बाजूने, अकरा दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजू मध्यावर जवळ आल्या की शिल्लक फट माथ्याच्या तुळयांनी सांधतात. म्हणजे 35 मीटर लांबीचा एकही तुकडा न वापरता 35 मीटरची उडी घेतली जाते.

पण तुळया नुसत्या पुढे सरकवत गेलात तर रांग सरळ रेषेत वर जाईल, वळणार नाही. वळण देतात त्या पाचरी. दोन तुळयांमध्ये एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ अशी पाचर बसते, त्यामुळे वरची तुळई खालच्या तुळईपेक्षा थोडा कमी चढ घेते. अकरा वेळा थोडा थोडा चढ कमी झाला की माथ्यापाशी रांग जवळजवळ आडवी होते. पाचरींच्या मापात चूक झाली तर ती पुढे साचत जाते आणि दोन बाजू मध्यावर जुळतच नाहीत. म्हणून अशा कामात आधी जमिनीवर प्रत्यक्ष मापात पूर्ण रांग रेखाटतात आणि प्रत्येक तुकडा त्या रेखाटनावर ठेवून पारखतात. कागदावर छोट्या प्रमाणात काढलेल्या आराखड्यात एक मिलिमीटरची चूक लपून जाते, खऱ्या मापात लपत नाही.

दुसरा भाग चळत एकजीव करण्याचा. सारख्या जाडीच्या चार फळ्या एकावर एक नुसत्या ठेवल्या आणि वर वजन दिलं तर त्या एकमेकींवर घसरतात आणि प्रत्येक फळी एकटीच वाकते. त्याच चार फळ्या घसरू न देता घट्ट बांधल्या तर त्या एका जाड तुळईसारख्या वागतात: ताकद चौपट, आणि वाकण्याला विरोध तब्बल सोळापट. हिशोब सोपा आहे. वाकण्याला विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. सुट्या चार फळ्यांचा विरोध चार, एकजीव फळीचा चारचा घन, म्हणजे चौसष्ट. प्रत्यक्ष लाकडी चळत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी वागते आणि नेमकी कुठे, ते बांधणी किती घट्ट आहे त्यावर ठरतं. किंताई पुलाच्या सगळ्या जोडकामाचा हेतू हाच, घसरणं थांबवणं. त्यासाठी तुळयांच्या मध्ये टणक लाकडाच्या खुंट्या आहेत, तुळयांच्या टोकांशी आडवी लाकडं आहेत जी पाचही रांगा एकमेकींना बांधतात, आणि बाहेरून लोखंड आहे.

हो, लोखंड आहे. तुळयांच्या चळतीभोवती लोखंडी पट्टे आवळलेले आहेत आणि दोन लाकडं बाजूने धरून ठेवायला दोन टोकं वळवलेल्या लोखंडी आकड्या ठोकलेल्या आहेत. चालायच्या फळ्या बसवायलाही खिळे आहेत. "एकही खिळा नाही" हे ऐकायला छान वाटतं, पण तसं नाही. त्यातलं खरं एवढंच की मुख्य भार खिळ्यांवर नाही. कमानीवर वजन आलं की तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि सांधे सैल होण्याऐवजी घट्ट होतात. खिळ्यावर भार टाकला असता तर खिळ्याभोवतीचं लाकूड हळूहळू चेपलं असतं, भोक मोठं झालं असतं, त्यात पाणी शिरलं असतं. पट्टा तसं करत नाही, तो लाकडाला बाहेरून आवळतो. त्याचा तोटा एकच: लाकूड सुकून आकसलं की पट्टा ढिला पडतो आणि परत आवळावा लागतो. लाकडी पुलाच्या तपासणीत ढिला पट्टा आधी शोधतात, कुजकं लाकूड नंतर. ढिलाई दिसायला सोपी असते आणि पुढच्या बऱ्याच बिघाडांची सुरुवात तिथून होते.

कमानीच्या बाजूला उलट्या व्हीसारखी बसवलेली आणि खोगिरासारखी आडवी टाकलेली लाकडंही दिसतील. ती पहिल्या बांधणीत नव्हती, पुढच्या काही वर्षांत जोडली गेली. लोक चालताना कमान थरथरते, आणि अर्ध्या भागावरच गर्दी असेल तर एक बाजू दबून दुसरी वर येऊ बघते. ही लाकडं ती हालचाल कमी करतात. 1699 चा जो सगळ्यात जुना आराखडा उपलब्ध आहे, त्यात आजच्यासारखीच रचना दिसते. म्हणजे पहिल्या पंचवीसेक वर्षांत आकार ठरला आणि मग तो कोणी छेडला नाही. मला या पुलातलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. चालणारी गोष्ट सुधारायचा मोह तीनशे वर्षं आवरणं सोपं नाही.

लाकूड सहा जातींचं आहे: केयाकी (जपानी झेल्कोवा, एल्मच्या कुळातलं झाड), लाल पाइन, हिनोकी (जपानी सायप्रस), हिबा (सायप्रसच्याच कुळातलं), चेस्टनट आणि ओक. निवड कामाप्रमाणे आहे. केयाकी आणि पाइन तुळयांसाठी, कारण भार तिथे. हिनोकी चालायच्या फळ्या आणि कठड्यासाठी, कारण ते उन्हापावसात टिकतं आणि सरळ धाग्याचं असल्याने छान रंधून निघतं. ओक खुंट्यांसाठी, कारण खुंटी चेपली तर चळत घसरली. एकाच जातीचं "सगळ्यात भारी" लाकूड सगळीकडे वापरण्यापेक्षा हे किती तरी बरं.

तरी लाकूड कुजतंच. त्यातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो. उघड्या पृष्ठभागावर पाऊस पडतो आणि वारा ते सुकवतो, त्याची फार भीती नसते. भीती असते ती लाकूड लाकडाला किंवा दगडाला टेकतं तिथे, जिथे पाणी शिरतं पण वारा शिरत नाही. त्यातही तुळईचं कापलेलं टोक बाजूच्या तुलनेत कितीतरी वेगाने पाणी पितं. म्हणून तुळयांची दगडातली मुळं, कठड्याच्या खांबांचे बुंधे आणि फळ्यांची खालची बाजू ही नेहमीची दुखणी. इथे पूर्वापार प्रघात असा होता की कमानीचे गाळे साधारण 20 वर्षांनी आणि टोकाचे गाळे साधारण 40 वर्षांनी नवे करायचे. माझ्या मते याचं कारण सांध्यांची संख्या आहे. कमानीत थरावर थर, पाचरी, खुंट्या, म्हणजे पाणी अडकायच्या जागाच जास्त. या खर्चासाठी संस्थान सामुराईंपासून सामान्य रयतेपर्यंत सगळ्यांकडून तांदूळ गोळा करत असे. गंमत अशी की त्या काळात सामान्य माणसाला पुलावरून मोकळेपणी जाता येत नव्हतं. वर्गणी सगळ्यांची, वाट मोजक्यांची. पूल सर्वांसाठी खुला झाला तो मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर.

आता खांब आणि तळ. पहिला पूल वर्षभरात गेला तो लाकूड मोडलं म्हणून नाही, तर दगडी खांबांच्या पायाखालचा तळ खरवडला गेला म्हणून. पुराचं पाणी खांबावर आपटतं तेव्हा ते नुसतं बाजूने जात नाही. समोरच्या अंगाला ते खाली वळतं, तळाशी भोवरा होतो आणि वाळूगोटे उचलून नेतो. खांबाभोवती खड्डा पडतो. पाया त्या खड्ड्यापेक्षा उथळ असेल तर खांब बसतो किंवा कलतो, आणि खांब कलला की कमान संपली, कारण कमानीला दोन्ही पाय आपापल्या जागी लागतात. पूर ओसरताना हाच खड्डा गाळाने भरतो, म्हणून नंतर बघणाऱ्याला तो दिसतही नाही.

1674 च्या बांधणीत खांब मजबूत केले आणि भोवतालच्या नदीपात्रात दगडांची फरशीबंदी केली. आपल्याकडे बांधकामाच्या भाषेत ज्याला पिचिंग म्हणतात, ते. भोवरा दगड उचलू शकला नाही की खड्डा पडत नाही. खांबांचा आकारही नावेसारखा, दोन्ही टोकांना निमुळता, म्हणजे पाणी फाटून जातं आणि भोवऱ्याचा जोर कमी होतो. पुढची 276 वर्षं वरचं लाकूड कितीदा तरी बदललं गेलं, पण पूल वाहून गेला नाही. याचं मोठं श्रेय या न दिसणाऱ्या फरशीला आहे.

14 सप्टेंबर 1950 ला किजिया वादळाच्या पुरात पूल गेला तेव्हाही सुरुवात खालूनच झाली. युद्धकाळात देखभाल राहून गेली होती, आणि जवळच्या विमानतळाच्या कामासाठी नदीतून वाळूखडी काढली गेल्याने तळ कमकुवत झाला, हेही कारण दिलं जातं. वाळू उपशाने पुलाचे पाय कसे उघडे पडतात, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. नंतर काँक्रीटचा पूल बांधावा असाही विचार पुढे आला होता, पण गावाला लाकडीच हवा होता. 1953 मध्ये तो जुन्या आकारात पुन्हा उभा राहिला. खांब मात्र आतून काँक्रीटचे झाले, पाया खोल गेला आणि बाहेरून दगड लावला. म्हणजे "दगड जुना, लाकूड नवं" हा समज इथे पुरा लागू पडत नाही. आज दिसणारे खांब आतून विसाव्या शतकातले आहेत, लाकूड 2004 चं आहे आणि रचना सतराव्या शतकातली.

खांबांबद्दल आणखी एक बारकावा, वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने पाहावा असा. कमान खांबावर नुसतं खाली वजन देत नाही, आडवा रेटाही देते. मधल्या दोन खांबांवर दोन्ही बाजूंनी कमानी आहेत, त्यामुळे दोन रेटे एकमेकांना बरेचसे तोलतात. काठाकडच्या दोन खांबांवर मात्र एकाच बाजूला कमान आहे. पलीकडचा गाळा पायांवर उभा असल्याने तो तसा रेटा देत नाही. म्हणजे हे दोन खांब कायम एकतर्फी ढकलले जात असतात आणि केवळ स्वतःच्या वजनावर उभे असतात. दुरुस्तीत एक कमान उतरवली की मधल्या खांबावरही तीच वेळ येते. एवढे जाडजूड खांब का, याचं उत्तर पुराइतकंच यातही आहे.

2001 ते 2004 चं काम तीन हिवाळ्यांत झालं: पहिल्या हिवाळ्यात मधला गाळा, दुसऱ्यात एका बाजूचे दोन, तिसऱ्यात दुसऱ्या बाजूचे दोन. हिवाळाच का, तर तेव्हा नदी उतरलेली असते, पात्रात आधाराचे मचाण उभे करता येतात आणि वादळांचा मोसम संपलेला असतो. मार्च 2004 मध्ये पूल पुरा झाला आणि सप्टेंबर 2005 च्या वादळी पुरात पहिल्या गाळ्याचे दोन लाकडी पाय वाहून गेले. कमानींना धक्का लागला नाही. गेले ते नेमके नदीत उभे असलेले लाकडी पायच. जुन्या पुलांची जी खोड होती, तीच.

मग जुना की नक्कल? हे तुम्ही वारसा कशाला म्हणता त्यावर अवलंबून आहे. मूळ सामग्री हाच निकष असेल तर तुमची निराशा होईल. मी तो निकष इथे लावणार नाही. लाकूड बदलणं हा या पुलाच्या रचनेचाच भाग आहे, नंतर झालेली तडजोड नाही. जपान सरकारनेही 1922 मध्ये त्याला संरक्षण दिलं ते निसर्गरम्य स्थळ म्हणून, म्हणजे नदी, डोंगर आणि पूल मिळून. माझी शंका वेगळ्या ठिकाणी आहे. 1953 मध्ये बांधलेला पूल जवळजवळ पन्नास वर्षं टिकला, आणि एवढ्या अंतराने काम निघालं की मागच्या कामावरचे सुतार हाताशी उरत नाहीत. 20 वर्षांच्या फेऱ्यात एक सुतार तरुणपणी शिकतो आणि पुढच्या वेळी शिकवतो. लाकूड जास्त टिकवण्याच्या नादात हा दुवा तुटला, तर आराखडे असूनही पाचरीचं माप हाताला कळणार नाही. लाकडाची तरतूद म्हणून शहराने झाडं लावून ठेवली आहेत. सुतारांची तरतूद त्याहून अवघड.

आता जाण्याचं. हिरोशिमाहून जेआर या रेल्वे कंपनीच्या सान्यो मार्गाने इवाकुनी स्टेशन सुमारे 50 मिनिटं, तिथून बसने सुमारे 20 मिनिटं. शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) शिन-इवाकुनीला उतरलात तर बस सुमारे 15 मिनिटं, पण तिथे मुख्यतः कोदामा, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या, गाड्याच थांबतात. मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात म्हणजे साकुराचा (चेरीच्या फुलांचा) बहर, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. पुलावर जायला तिकीट आहे. कमानींवर पायऱ्या आहेत, तेव्हा बरोबर कोणी वयस्क किंवा बाबागाडीतलं मूल असेल तर जवळच्या वाहनांच्या पुलावरून पलीकडे जाणं सोयीचं.

तिकीट काढायच्या आधी निशिमी बाजूने नदीपात्रात उतरा. पाणी कमी असेल तर गोट्यांवरून कमानीच्या अगदी खाली जाता येतं. तिथे मान वर करून एकच रांग निवडा आणि खांबापासून माथ्यापर्यंत तुळया मोजत जा, पाचर कुठे आहे, पट्टा कुठे, आकडी कुठे. मग शेजारच्या टोकाच्या गाळ्याखाली जाऊन तुलना करा. पाण्यात खांबाभोवती दगडी फरशी दिसते का पाहा. वर चढून योकोयामाला गेलात की 1693 चं कागावा घराण्याचं दार बघा. ते खरोखर जुनं लाकूड आहे आणि छपराखाली असल्याने टिकलं आहे. डोंगरावरचा किल्ला 1962 चा, काँक्रीटचा आहे. वेळ कमी असेल तर तोच वगळा. आणि त्या दिवशी पाऊस लागला तर बेत रद्द करू नका, फक्त ओल्या फळ्यांवर जपून चाला. पाणी कुठून गळतं आणि तुळईच्या कोणत्या सांध्यात थांबतं, हे कोरड्या दिवशी दिसत नाही.